थॉर्नबॅक डोलतो

टक्.

वॉशिंग मशीनचं दार सुटलं. धुणं संपलं तरी ते दार काही वेळ अडून बसतं, मग स्वतःच्या मर्जीनं कडी सोडतं. तेवढाच तो आवाज. एरवी कोणाच्या कानावरही पडला नसता. पण रविवारची दुपार होती, माझा नवरा गेथिन फेरीबोट चालवायला गेला होता, हॅटी टेबलावर कागदात नाक खुपसून बसली होती आणि जोरी माझ्या मांडीवर नुकता, अगदी नुकता झोपला होता. त्यानं डोळे उघडले. दार मीच सोडलं असावं अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं आणि खालचा ओठ बाहेर काढला.

मी त्याला खांद्यावर टाकलं आणि सिंकपाशी जाऊन उभी राहिले.

"आई," हॅटी म्हणाली, "चाच्यांना पाय किती?"

"स्वयंपाक्याला एक. बाकीच्यांना दोन दोन."

"थॉर्नबॅकला मी काढलेच नाहीत." तिनं कागद वर धरला. चपटा, फिकट, रुंद चेहरा, काळा कोट, कोटाच्या पाठीवर काटे, आणि कोट संपतो तिथून खाली नुसता कागद. "पाय नसले की त्याला आपला जिना चढता येणार नाही."

"हे बरं केलंस."

"शेवटी बुडतो ना तो?"

"बुडतो."

"नक्की?"

"जहाजासकट."

तिनं मान हलवली आणि जहाजाखाली निळ्या खडूनं आणखी थोडं पाणी भरलं. मग तिचा रोजचा प्रश्न आला. "उद्या जोरी कोणाकडे?"

"डोरीनकडे."

"परवा?"

"परवाही डोरीनकडे. बुधवारी बाबा घरी. मग स्वान्सीहून आजी येणार."

तिला हे पाठ होतं. मी कामावर परत जायला लागल्यापासून ती रोज विचारायची, आणि उत्तर कालच्यासारखंच आलं की पुन्हा आपल्या उद्योगाला लागायची. घर कशावर उभं आहे असं तिला कोणी विचारलं असतं तर तिनं भिंती, छप्पर काही सांगितलं नसतं. बाळ कोणाकडे आहे ते माहीत असलं की झालं.

जोरी खांद्यावर जड झाला. झोपला. मी तरी तशीच उभी होते.

थॉर्नबॅक माझा. म्हणजे बाहुला स्टुडिओचा, गोष्ट रोझलिंडची, आवाज एका मोठ्या नटाचा. पण तो चालतो, वळतो, मान तिरकी करून ऐकतो, ते सगळं मी. आमचा सिनेमा बाहुल्यांचा. वीतभर उंचीचा बाहुला, आत पोलादी सांधे, वर रबरी कातडी. त्याला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचं, पुन्हा फोटो. दिवसभर असं केलं की पडद्यावर तो जेमतेम एक श्वास घेतो.

गोष्ट अशी की 'भुकेली मावशी' नावाच्या जहाजावर चाच्यांची एक टोळी आहे. ते दीपगृहांचे दिवे चोरतात. दिवा गेला की अंधारात जहाजं खडकांवर आपटतात, आणि हे सकाळी टोपल्या घेऊन किनाऱ्यावर माल वेचायला हजर. स्वयंपाकी पोपट शिजवतो. हातात आकडा असलेली बाई बोलता बोलता कशात तरी आकडा अडकवून बसते. मुलं त्यांना हसतील. पण कप्तान थॉर्नबॅकला कोणी हसायचं नाही, हे रोझलिंडनं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

"हल्ली प्रत्येक खलनायकाला लहानपणी कोणीतरी छळलेलं असतं," ती म्हणाली होती. "मला ते नको. थॉर्नबॅकला लहानपण नाही, आई नाही, कोणी नाही. तो आहे असाच समुद्रातून वर आला. मुलांना कधीतरी खरी भीती द्यायला हवी, ती त्यांच्या हक्काची आहे."

रोझलिंड आमची दिग्दर्शक. हळू बोलते, कानामागे नेहमी पेन्सिल असते आणि ती कधी वापरताना कोणी पाहिलेली नाही.

थॉर्नबॅकची चाल मी बसवली तेव्हा जोरी पोटात होता. पाय फाकलेले, पाऊल सावकाश, धड मागे रेललेलं, एक हात कमरेवर. सगळ्यांनी ती पाहिली. "दहशत आहे या चालीत," रोझलिंड म्हणाली. पोशाखवाली ग्लेनिस माझ्या पोटाकडे बघून गालात हसली. ती चाल कुठून आली ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

मग मी रजेवर गेले आणि थॉर्नबॅक क्लाइव्हकडे गेला. क्लाइव्ह आमच्यात सगळ्यात जुना. त्याच्या हातून किती बाहुले जिवंत झाले याचा हिशोब त्यालाच नाही. परत आले त्या दिवशी त्यानं थॉर्नबॅक टॉवेलात गुंडाळून माझ्या हातात दिला.

"शहाण्यासारखा वागला हो पोरगा तुझ्या माघारी," तो म्हणाला. "एक गाव जाळलं, दोन माणसं बुडवली. कुरकुर म्हणून नाही."

"खाल्लं नीट?"

"एक दीपगृहवाला खाल्ला. तोही पूर्ण नाही."

आणि मग मला तो शॉट मिळाला. चाचे शेवटच्या दीपगृहाकडे निघालेत. दीपगृहवाल्याची मुलगी वर एकटी आहे, हे आपल्याला माहीत आहे. जहाज लाटांवर हलतंय, डेकवरची सगळी टोळी जहाजाबरोबर हलतेय आणि पुढे टोकाला थॉर्नबॅक उभा आहे. तो बोलत नाही, तलवार उपसत नाही, नुसता त्या दिव्याकडे बघत उभा राहतो. सिनेमातला सगळ्यात लांब शॉट, आणि त्यात काहीही होत नाही.

"तो हलता कामा नये," रोझलिंड म्हणाली. "सगळं हलतंय आणि तो नाही. हे जमलं तर बुडेपर्यंत तो तुझा."

नाही जमलं तर काय, ते तिनं सांगितलं नाही, पण सीगलांच्या सेटला माणूस हवं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आकाशात पार मागे उडणारे सीगल पक्षी. कोणीतरी ते करावेच लागतात.

गंमत अशी की बाहुला खरोखर स्थिर ठेवला तर तो मरतो. काही फोटोंत हात लावला नाही की पडद्यावर तो माणूस राहत नाही, खेळणं होतं. म्हणून उभा बाहुलाही सतत जागता ठेवावा लागतो: छाती किंचित वर, खांदा किंचित खाली, वजन या पायावरून त्या पायावर, दिसेल न दिसेल इतकंच. मी आधी स्वतः उभी राहून बघते. सगळेच बघतात, आमच्या प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक उभा आरसा असतो. मी डोळे मिटून थॉर्नबॅकसारखी उभी राहिले, शरीर काय करतं ते मनात धरलं आणि त्याच्यात घातलं.

काळा पडदा ओढलेला, पडद्यावर लाल पट्टी. लाल पट्टी असली की आत यायचं नाही, जोरात दार लावायचं नाही. कोणाचा सेटला धक्का लागून शॉट वाया गेला तर त्यानं सगळ्यांसाठी केक आणायचा, असा आमच्याकडे रिवाज आहे. क्लाइव्ह चहा आणायचा तोही पडद्याच्या फटीतून आत सरकवायचा.

"जिवंत आहेस का गं पोरी?"

"मी आहे. तो आहे की नाही बघायचंय."

"जेवलीस?"

"नंतर."

"दूध?"

क्लाइव्हला तीन मुली आणि पाच नाती आहेत. त्याला लाजायचं माहीत नाही.

"आता जाते," मी म्हणायचे आणि ग्लेनिसच्या खोलीत जाऊन दूध काढायचे. तिथं भिंतभर वीतभराचे कोट टांगलेले असायचे, वीतभराच्या विजारी, आणि थॉर्नबॅकचे चार काळे कोट एका ओळीत, पाठीवर काटे घेऊन. पंप घरघरत राहायचा आणि ग्लेनिस माझ्याकडे पाठ करून शिवत बसायची. घरी या वेळी जोरी काय करत असेल असा विचार आला की दूध लवकर यायचं. म्हणून मी तो विचार मुद्दाम करायचे, आणि मग तो थांबवता यायचा नाही.

शॉट संपला त्या शुक्रवारी नेहमीप्रमाणे सगळे छोट्या अंधाऱ्या खोलीत जमले. हातात चहाचे मग, मांडीवर बिस्किटांचा डबा. आठवड्याचं काम आम्ही शुक्रवारी एकत्र बघतो. आधी सीगल झाले. मग 'भुकेली मावशी' आली.

समुद्र सुंदर झाला होता. टोळी जहाजाबरोबर हलत होती, आकडेवाल्या बाईचा आकडा दोरात अडकलेला. पुढे थॉर्नबॅक उभा. मी तो तुकड्या-तुकड्यानं पाहिला होता, सलग कधीच नाही. मला वाटलं, जमलंय. शॉट संपला.

"पुन्हा," रोझलिंड म्हणाली.

पुन्हा लावला. अंधारात मागून ग्लेनिसचा आवाज आला, अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तसा. "अगं बाई. हा बाळ झोपवतोय."

आधी एक जण हसला. मग सगळी खोली. आणि एकदा ते ऐकल्यावर दुसरं काही दिसेना. जहाज त्याच्या तालात हलत होतं आणि थॉर्नबॅक स्वतःच्या. डाव्या पायावर, थांबून, उजव्या पायावर. गुडघा हलकेच मोडायचा. डावा खांदा जरासा वर, डावा हात कोपरात किंचित वाकलेला आणि त्या हातात काही नाही. समुद्रावरचा सगळ्यात क्रूर माणूस कोणीतरी जागं होऊ नये म्हणून जपून उभा होता.

मला ते नुसतं उभं राहणं वाटलं होतं. गेल्या वर्षभरात मी दुसऱ्या कशाही प्रकारे उभी राहिलेच नव्हते.

रोझलिंड हसली नव्हती. सगळे गेल्यावर ती माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली.

"केरेन्सा, पुन्हा करायला तुला वेळ देता येणार नाही. क्लाइव्हचा सेट मंगळवारी रिकामा होतोय. थॉर्नबॅक त्याच्याकडे शेवटपर्यंत राहील, आणि तू सीगल घेशील. ही शिक्षा नाही."

"माहीत आहे."

"मला शॉट आवडला नाही असंही नाही. मला कळत नाहीये, आणि ते मला चालत नाही." तिनं पेन्सिल कानामागून काढली, पाहिली आणि परत ठेवली. "म्हणून बुधवारपर्यंत थांबू, मुलं येणार आहेत. मी त्यांना हा दाखवते, आहे तसा. हसली तर क्लाइव्ह. गप्प बसली तर शॉट राहील, आणि थॉर्नबॅकही तुझ्याकडे राहील."

मुलांची दुपार हा रोझलिंडचा नेम. शाळेच्या सुट्टीत कामावरच्या सगळ्यांची मुलं यायची आणि ती त्यांना थोडे थोडे तुकडे दाखवायची. स्वतः पडद्याकडे पाठ करून बसायची आणि मुलांचे चेहरे बघायची. मोठ्या माणसांच्या मतांवर तिचा विश्वास नव्हता, स्वतःच्याही.

बाहेर क्लाइव्ह कोट घालून थांबला होता. माझ्यासाठीच.

"मी मागितला नाही हं तो," तो म्हणाला.

"अरे, मला माहीत आहे."

"केक लिंबाचा कर. मागचा गाजराचा होता, घशात बसला."

"धक्का थोडाच लागलाय सेटला?"

"तुला लागलाय," तो म्हणाला. "तेवढ्यावर केक बसतो."

मंगळवारी मी केक केला. गेथिन संध्याकाळी आला, अंगाला डिझेल आणि बंदराच्या पाण्याचा वास, आणि आल्या आल्या भांड्याला चिकटलेलं पीठ बोटानं चाटायला लागला. त्याला मी शुक्रवारीच सगळं सांगितलं होतं.

"सीगलांत काय वाईट आहे?" तो म्हणाला. "खरे चाचे तेच. परवा एकानं माझ्या हातातलं सँडविच नेलं. टोळी नाही, झेंडा नाही, एकट्याचं काम."

"गेथिन."

"बरं." तो टेबलाला टेकला. "मी एक सांगू? तू माझ्या बोटीवर अशीच उभी असतेस. जोरी डोरीनकडे असला तरी. मी धक्क्याला बोट लावत असतो आणि तू रेलिंगपाशी एकटी, हातात पिशवी, आणि डोलतेयस. बोट एकीकडे, तू भलतीकडे. माझा पोऱ्या म्हणतो, तुमची बायको अजून पाण्याला सरावली नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस."

मी ओव्हनचं दार उघडून केक बघितला. फुगला होता, मधोमध चिरला होता.

"म्हणजे चूक माझीच आहे," मी म्हणाले.

"हो, ती आहेच," गेथिन म्हणाला. खोटा धीर देणं त्याला जमत नाही. म्हणून तर त्याच्याशी लग्न केलं. "बुडेपर्यंत हवाय ना तुला तो?"

"हवाय."

"का गं? इतका वाईट माणूस."

मी साखरेत लिंबू पिळत होते. का ते मला नीट सांगता येत नव्हतं. जोरी व्हायच्या आधी मी जी होते, ती थोडीशी त्या काळ्या कोटात राहिलेली होती, आणि नंतरची जी झाले तीही आता त्याच्यातच शिरली होती, कोणाला न विचारता. दुसऱ्या कोणी त्याला उचलून पाण्याखाली न्यावं हे मला सोसणार नव्हतं. बुडवायचं तर मी बुडवेन. पण हे बोललं की वेड्यासारखं वाटतं.

"चार कोट आहेत त्याला," मी म्हणाले. "ग्लेनिसनं एवढे काटे शिवलेत."

गेथिननं मान डोलावली, जणू कारण पटलंच.

बुधवारी तो दोन्ही मुलांना घेऊन आला. जोरी त्याच्या छातीला कापडात बांधलेला, हॅटी हातात पाय नसलेला थॉर्नबॅक घेऊन. तिला चित्र रोझलिंडला दाखवायचं होतं. रोझलिंडनं ते बराच वेळ पाहिलं.

"पाय कुठे गेले याचे?"

"मी दिले नाहीत," हॅटी म्हणाली.

"बरोबर. अशा माणसाला सगळं द्यायचं नसतं."

मुलं गालिच्यावर बसली. क्लाइव्हच्या दोन नाती, ध्वनिमुद्रण करणाऱ्याची जुळी, शिवणकाम करणाऱ्या मुलीचा एक सतत बोलणारा भाचा. आम्ही मागे भिंतीला टेकून उभे. रोझलिंडनं आपली खुर्ची पडद्यासमोर उलटी ठेवली, मुलांकडे तोंड करून.

पोपट शिजवण्याचा तुकडा झाला. मुलं लोळून हसली. आकडा दारात अडकला, तेव्हाही. भाचा म्हणाला, "माझ्या मामीचा स्वेटर असाच अडकतो," आणि त्यावर पुन्हा हशा. हसायच्या नादात आहेत, मी मनात म्हटलं. आता कशालाही हसतील.

मग समुद्र आला.

जहाज वर गेलं, खाली आलं. भाच्याचं काहीतरी बोलणं चालू होतं. थॉर्नबॅक उभा राहिला. दूरचा दिवा त्याच्या चपट्या चेहऱ्यावर एकदा फिरून गेला. डाव्या पायावर. थांबून, उजव्या पायावर.

भाचा बोलायचा थांबला.

क्लाइव्हच्या धाकट्या नातीनं पाय जवळ ओढून फ्रॉकखाली घेतले. जुळ्यांतल्या एकानं दुसऱ्याची बाही धरली. कोणी हसलं नाही. खोलीत फक्त लाटांचा आवाज होता, आणि तो माणूस त्या दिव्याकडे बघत, हातात काही नसताना, इतक्या हळुवारपणे डोलत होता की मी स्वतः केलेला असूनही मला क्षणभर त्याची भीती वाटली. जो इतकं जपून उभं राहू शकतो, तोच पुढच्या क्षणी तो दिवा विझवणार होता.

शॉट संपला. रोझलिंड मुलांचे चेहरे अजून बघत होती. मग तिनं खुर्ची सरळ केली.

"केक कोणी आणलाय?" तिनं विचारलं, आणि मुलं एकदम सुटल्यासारखी उठली.

केक कापताना ती माझ्यापाशी आली.

"मी त्याला मागचं आयुष्य नको म्हटलं होतं."

"मी काही दिलं नाही."

"हं," ती म्हणाली. "दिलं नाहीस. पण आहे काहीतरी." तिनं केकचा तुकडा घेतला, खाल्ला, बोटं पुसली. "राहू दे. बुडण्याचा शॉट तूच कर. सोमवारपासून टाकी लागेल."

क्लाइव्हचं तोंड भरलेलं होतं. त्यानं लांबूनच दोन्ही हातांचे पंख करून फडफडवले: सीगल आता त्याच्याकडे आले होते. मग तोंडातला घास गिळून म्हणाला, "लिंबू कमी आहे हो पोरी," आणि दुसरा तुकडा उचलला.

घरी आम्ही फेरीबोटीनंच गेलो. गेथिनचा सुट्टीचा दिवस, म्हणून बोट दुसऱ्याच्या हातात होती आणि गेथिनला बसवेना. "बघ, आता वळवणार. उशीर केला. बघ, बघ. आता धक्क्याला घासणार." बोट घासली नाही. तो थोडा खट्टू झाला. जोरी त्याच्या छातीवर गाढ झोपला होता, एक पाय कापडाबाहेर लोंबत होता आणि पायमोजा, नेहमीप्रमाणे, ब्रिस्टल शहरात कुठेतरी पडून राहिला होता.

पाणी शांत होतं. टेकडीवरची घरं रंगीत दिसत होती, कोणीतरी खिडकीतून चादर झटकत होतं. मी रेलिंगपाशी उभी राहिले. हात मोकळे होते. तो माझाच राहिला, एवढं एक मनात घोळत होतं, आणि त्याच्यामागून दुसरं: सोमवारपासून त्याला पाण्याखाली न्यायचं. कोट भिजल्यावर काटे कसे दिसतील. हात आधी जातील की चेहरा.

हॅटी बाकावर गुडघ्यांवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. चित्राची तिनं गुंडाळी केली होती.

"घाबरलीस का गं मघाशी?" मी विचारलं.

तिनं मान हलवली. "आधी."

"आणि मग?"

"मग तो तुझ्यासारखं करायला लागला."

मी थांबले. म्हणजे तेव्हा कळलं की मी डोलत होते. बोट एका तालात, मी माझ्या. मी रेलिंग दोन्ही हातांनी धरलं आणि सरळ उभी राहायचा प्रयत्न केला, आणि गेथिननं तोंड दुसरीकडे फिरवलं, हसू दिसू नये म्हणून.

हॅटीनं चित्र उलगडलं. खिशातून खडूचा तुकडा काढला, जीभ ओठांत धरली आणि काळ्या कोटाखाली दोन पाय काढले, लांब, एकमेकांपासून दूर, एक जरासा वाकलेला. मग निळं पाणी बघितलं, ते भरपूर होतं, जहाजाच्या वरपर्यंत आलेलं. त्यावर तिनं बोट ठेवलं.

"बुडतो ना तो शेवटी?"

"बुडतो," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

या वेळी तिनं मान हलवली नाही. कपाळाला आठी घालून, उद्याचं परवाचं सगळं व्यवस्थित लावून घ्यायचं असतं तशी, तिनं विचारलं, "मग त्या दिवशी त्याचं बाळ कोणाकडे असेल?"